खंडेनवमीचं विमान

नृसिंह मास्तरांचं विमान कधी पुरं होतंय, ह्याची वाट सबंध संगमनेरात एकटी इंदू बघत होती. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. म्हातारपणी कुणाला पत्त्यांचा नाद लागतो, कुणाला तपकिरीचा, तसा ह्या ड्रॉइंग मास्तरांना विमानाचा लागला, लागो बापडा, एवढंच गल्लीचं म्हणणं. पण इंदूचं उरलेलं आयुष्य त्या दोन फुटी पंखांच्या लाकडावर अडून बसलं होतं. हे तिनं चारचौघींत बोलून दाखवलं असतं तर चौघींनी तिलाच वेड्यात काढलं असतं, म्हणून ती बोलत नव्हती.

इंदू ही मास्तरांची सून. घरात माणसं ही दोनच. मास्तरांचा एकुलता एक मुलगा सुमंत पुण्याचं कॉलेज अर्धवट सोडून महायुद्धाच्या धामधुमीत विमानदलात गेला. मधे रजेवर येऊन लग्न करून गेला, आणि इंदूच्या अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत रजा संपली म्हणून परत गेला. पुढच्या वर्षी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याचं विमान एका सकाळी जंगलावर गेलं ते गेलंच. तार आली, तिच्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. लढाई संपल्यावर सरकारनं कळवलं की मृत समजावे. मास्तर म्हणाले, "सरकारला समजायचं असेल तर सरकारनं समजावं. माझ्या मुलाचं विमान अजून मिळालेलं नाही."

झालं! एका वाक्यात त्यांनी मुलाला जिवंत ठेवलं आणि सुनेला टांगून ठेवलं. बरं, माणूस दुष्ट म्हणावा तर तसंही नाही. सुनेला कधी उणंदुणं बोलले नाहीत, तिच्या हातच्या आमटीत मीठ जास्त झालं तर पाणी घालून गुपचूप जेवले. सासू पुढे तीन-चार वर्षांत गेली. तेव्हापासून ही दोघं, एक ओटा, एक माजघर आणि मागच्या बाजूची मास्तरांची खोली.

इंदू रोज सकाळी कपाळाला मेण लावायची आणि त्यावर पिंजर टेकायची. गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेली की यजमानीण कुंकवाची कोयरी घेऊन ओळीनं येता येता हिच्यापुढे थबकायची. लावावं की नको? लावलं तर उगाच मनाला खात राहायचं, नाही लावलं तर समोर बसलेल्या बाईचा अपमान. मग डोळ्याला डोळा न देता घाईघाईनं बोट टेकवून ती पुढे सरकायची. इंदूची ओटी कुणी भरत नसे. बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावायला तिला कुणी पुढे करत नसे, आणि ज्या बायकांची कुंकवं पुसली गेली होती त्याही तिला आपल्यात धरत नसत. शेवटी तिनं जाणंच सोडलं. बोलावणी थांबली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि संध्याकाळी ओट्यावर एकटीच बसल्यावर रडूही आलं.

गेल्या वर्षी शेजारी लीना राहायला आली. बँकेतल्या कारकुनाची नवी बायको, बोलायला मोकळी. विरजण मागायला आली आणि उभ्या उभ्या विचारती झाली, "काकू, काका कुठं असतात हो नोकरीला?"

"लांब," इंदू म्हणाली.

"मग सुट्टीत येत असतील ना?"

इंदूनं गिरणीवरून दळण आणायचं निमित्त काढलं आणि विरजणाची वाटी तिच्या हातात कोंबली. लीनाला मग गल्लीतल्या कुणी तरी सगळं सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवसापासून तीही अंगण झाडताना खाली बघू लागली.

स्पष्ट बोलायची ती एक चांगुणा. भांडी घासायला यायची. तिचा नवरा मुंबईला पळून गेला होता आणि तिकडं दुसरी करून राहिला होता. राखेनं पातेलं खसाखसा घासत ती म्हणायची, "बाई, माझा मुडदा कुठं हाय त्ये मला ठावं तरी हाय. शिव्या घालाया बरं पडतं. तुमचं लई अवघड. न्हाई म्हनावं तर कुंकू हाय, हाय म्हनावं तर धनी न्हाई. म्हाताऱ्याला सांगून एकदाचं काय त्ये करून टाका की."

काय ते करून टाकायचं म्हणजे काय, हे इंदूला ठाऊक होतं. ह्याला शास्त्रात उपाय आहे. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागला नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात आणि मग रीतसर दिवस घालतात. पालाशविधी म्हणतात त्याला. गेलेला मोकळा आणि मागे राहिलेलीही मोकळी. इंदूला मोकळं व्हायचं होतं. नाशिकला तिचा भाऊ श्रीपाद होता. त्याच्या घराजवळ एक बालवाडी होती, तिथं शिकवायला बाई हवी होती, आणि इंदू मॅट्रिक झालेली होती. श्रीपाद दर उन्हाळ्यात येऊन म्हणायचा, "ताई, चल." पण नवरा बेपत्ता असलेल्या बाईनं सासरचा उंबरा कसा सोडायचा? एकदा तिनं विषय काढला तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले होते, "तो आला आणि तू घरी नसलीस तर?"

तिनं विधीचं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही बघू. मग मास्तर शाळेतून निवृत्त झाले, आणि एके दिवशी तिनं तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी ट्रंकेतून सुमंतचा एकुलता एक फोटो काढला. विमानाला टेकून हसत उभा होता.

"हे विमान मिळालं नाही ना? मी करतो ते," मास्तर म्हणाले. "हुबेहूब. एका फुटाला अर्धा इंच. ते पुरं झालं की तू म्हणतेस ते करू. शब्द देतो."

इंदूला वाटलं, म्हाताऱ्याला निरोप घ्यायला काही तरी हातात हवं आहे. घेऊ दे. वर्षभरात होईल.

कसलं वर्षभरात! पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणण्यातच एक उन्हाळा गेला. फोटोत विमानाची एकच बाजू, तीही अर्धी. मग पुण्याहून कुणी जुन्या इंग्रजी मासिकातलं रेखाचित्र आणून दिलं, तेव्हा कळलं की ह्या विमानाचे पंख सरळ नाहीतच, त्यांना मधेच एक चमत्कारिक मुरड आहे. केलेले पंख चुलीत गेले. दुसरे केले ते वजनाला भारी निघाले. शेपूट बसवली ती वाकडी. रंग दिला तो उन्हात पाहिल्यावर फार हिरवा वाटला, म्हणून पॉलिश पेपरनं खरवडला. शेवटाला आलं की मास्तरांना खोट सापडायचीच. दहा-बारा वर्षं हे भिजत घोंगडं असंच पडून होतं.

आणि गंमत अशी, की ते पडून राहू नये म्हणून सगळ्यात जास्त राबली ती इंदूच. ती सरस शिजवून द्यायची. लाकूड घासून घासून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली. विमानात बसायच्या पुढच्यामागच्या जागांवरच्या काचेसाठी तिनं दवाखान्यातून जुन्या एक्स-रे फिल्मा मागून आणल्या आणि धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ केल्या, कुणाकुणाच्या बरगड्या त्या पाण्यात विरघळून गेल्या. नवऱ्याबरोबर ती जितके दिवस राहिली होती, त्याच्या कितीतरी पट ती त्याच्या विमानाबरोबर राहिली. सुमंतच्या कानाची पाळी कशी होती हे तिला आता आठवत नव्हतं. पण विमानाच्या डाव्या पंखाखालचं चाक कुठल्या बाजूला दुमडतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

दोघं बोलायची तीही विमानाचंच. एरवी त्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'पान वाढलंय' आणि 'दार ओढून घे' ह्यापलीकडे शब्द नसायचा. म्हणून खरं सांगायचं तर इंदूलाही ते काम आवडू लागलं होतं, आणि आवडतं म्हणून स्वतःचा रागही यायचा.

"सुमंत ह्या मागच्या जागेवर बसायचा," एकदा मास्तरांनी दाखवलं. "पुढे चालवणारा. मागे हा, बंदुकीवर. तोंड मागे करून."

"उलटा? म्हणजे पुढे काय आहे ते त्याला दिसायचंच नाही?"

"नाही. जे सोडून आला ते दिसायचं."

त्या मागच्या जागेवरचं झाकण मास्तरांनी सरकतं केलं होतं. बाकी सगळं विमान भरीव आणि गच्च, पण ते एवढंसं झाकण बोटानं पुढेमागे व्हायचं. आणि ते नेहमी उघडंच ठेवलेलं असायचं. का, ते इंदूनं कधी विचारलं नाही. बाहेर पडायला वाट असावी, एवढंच त्यात असणार.

पंखांवरची गोल निशाणी रंगवली तेव्हा मात्र तिनं विचारलं होतं. बाहेर गडद निळं वर्तुळ, आत फिकट, जवळजवळ पांढरं.

"मामंजी, मधे लाल नसतं का? मी चित्रात पाहिलंय, लाल असतं."

"होतं आधी. मग पुसलं. जपान्यांच्या विमानावर लाल गोळा असायचा ना! खालून बघणाऱ्याला तेवढंच लाल दिसतं. लाल दिसलं की आपलेच लोक आपल्यावर गोळी घालायचे. म्हणून लाल अजिबात नाही."

"बाई गं!" इंदू म्हणाली आणि विसरली.

बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. पाऊस आला म्हणण्यापुरता आला. प्रवरेचं पात्र श्रावणातच वाळूवर आलं, नळाला एक वेळ पाणी. पितृपक्ष आला आणि गेला. दर पितृपक्षात सगळ्या घरांतून गेलेल्यांची पानं वाढली जायची आणि सुमंतचं पान कुठंच नसायचं. जिवंतांच्या पंगतीत नाही, मेलेल्यांच्याही नाही. पण ह्या वर्षी तिला तितकं लागलं नाही. कारण विमान होत आलं होतं. खरंच होत आलं होतं. पंखांची मुरड बिनचूक उतरली होती, रंग बसला होता, मास्तरांना शोधूनही खोट सापडेना. रंग ड्रॉइंगच्या बाटल्यांतला, पाण्याचा. त्यावर फक्त रोगणाचा हात द्यायचा राहिला होता.

"दसऱ्याला रोगण," मास्तर म्हणाले. "मग संपलं."

इंदूनं त्याच दिवशी श्रीपादला निरोप धाडला, की बालवाडीत माझं नाव घालून ठेव.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजायची आणि दिवसभर त्यांना विश्रांती द्यायची, ही ह्या मुलखाची रीत. सुतार रंधा पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, आपण विळी, अडकित्ता आणि शिवणाचं मशीन. मास्तर सकाळी देवळात गेले होते. इंदूनं माजघरात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर मास्तरांच्या पटाश्या, रंधा, करवत, कुंचले ओळीनं लावले. मग तिच्या मनात आलं आणि ती खोलीत जाऊन विमानच उचलून घेऊन आली. ह्या सगळ्या हत्यारांचं फळ ते, त्याला का सोडायचं? ते तिनं मधोमध ठेवलं. तिला इतका आनंद झाला होता, की ती बऱ्याच वर्षांनी गुणगुणत होती.

कुंकू वाटीत कालवून तिनं अनामिका बुडवली आणि ओळीनं टिळे लावत सुटली. विळीला लावला. रंध्याला लावला. करवतीच्या मुठीला, मशीनच्या चाकाला. मग विमान. आता तुम्ही म्हणाल, तिला सांगितलेलं होतं की. सांगितलेलं होतं हो! पण हात डोक्याला विचारून चालतो थोडाच? गोल दिसलं आणि त्याच्या मधे मोकळी जागा दिसली, की वर्षानुवर्षं कुंकू लावणाऱ्या बाईचं बोट तिथंच जाणार. तिनं डाव्या पंखावरच्या वर्तुळाच्या बरोबर मधे टिळा लावला. मग उजव्या. मागे सरून पाहिलं आणि तिला वाटलं, आता कसं भरल्यासारखं दिसतंय.

तेवढ्यात मास्तर आले. चपला काढता काढता त्यांचं लक्ष आत गेलं.

"अगं, काय केलंस हे!" म्हाताऱ्याचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. "लाल? लाल लावलंस? आपलेच लोक पाडतील त्याला! काढ! काढ आधी ते!"

इंदूच्या हातून वाटीच सुटली. तिनं धावत जाऊन पदरानं पंख पुसला. ओलं कुंकू पसरलं. पाण्याचं बोट लावून पुसलं, तर खालचा पांढरा रंगच सुटला आणि सगळं गुलाबी झालं. ती जितकं पुसत होती तितकं ते आत मुरत होतं. रोगण दिलेलं असतं तर एका फटक्यात निघालं असतं. एका दिवसानं घात केला.

"थांब," मास्तर म्हणाले. "घासू नकोस."

दोघंही विमानाकडे बघत उभी राहिली. इंदूला वाटलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्या हातानं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. कुणी सांगितलं होतं ते बाहेर आणायला?

मास्तरांनी वाकून पंखावर नखानं खरवडून पाहिलं. मग सरळ होत म्हणाले, "दोन्ही पंख खरवडावे लागणार. लाकडापर्यंत उतरलंय. पुन्हा अस्तर, पुन्हा रंग. आता पुढच्या दसऱ्यालाच होईल."

आणि इथं इंदूनं मान वर केली. कारण त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. मघाशी ओरडले तेव्हा होतं. ते खरं होतं. पण आता हे 'पुढच्या दसऱ्याला' म्हणताना त्यांनी एक निश्वास टाकला होता, आणि वर्गात तास संपल्याची घंटा झाल्यावर पोरं टाकतात तसला तो होता. त्यांची बोटं आत्ताच पॉलिश पेपर शोधत होती, खंडेनवमी असूनसुद्धा.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं."

"काय?"

"पुन्हा करावं लागणार म्हणून तुम्हाला बरं वाटलं. दर वेळी वाटतं. शेपूट वाकडी झाली तेव्हा, रंग हिरवा झाला तेव्हा. मी वेडी, मला वाटायचं तुम्हाला वाईट वाटतंय. मी रात्रंदिवस घासत बसायची." तिचा आवाज चढला. ह्या घरात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. "खरं सांगा. तो येईल असं वाटतं तुम्हाला?"

मास्तर पाटाशेजारी खाली बसले. त्यांना बसायला वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "तार वाचली त्या दिवशीच मला कळलं होतं."

"मग इतकी वर्षं हे काय चाललंय?"

"त्याच्या आईसाठी आधी. तिला सोसवलं नसतं." त्यांनी पालथी पडलेली वाटी सरळ केली. "मग ती गेली. मग... तो गेला असं एकदा म्हटलं की तू इथं कोण म्हणून राहशील? श्रीपाद येईल आणि तुला घेऊन जाईल. ते योग्यच आहे, मला कळतं. पण मग ह्या घरात मला मामंजी म्हणून हाक मारणारं कुणी राहणार नाही, इंदू. मला एकट्याला राहायची भीती वाटते."

इंदूच्या अंगाचा नुसता भडका उडाला. विमान उचलून अंगणात भिरकावून द्यावं असं तिला वाटलं. बायका तिच्यापुढे कोयरी घेऊन थबकल्या त्या सगळ्या वेळा एकदम आठवल्या. म्हातारा एकटा पडू नये म्हणून तिला सगळ्या गावात एकटं पाडलं होतं, आणि हे तो बसून सांगत होता, पोरासारखा. त्याच्या मानेवरचे केस वाढले होते. उद्या न्हाव्याला बोलवायला हवं, हेही त्याच क्षणी तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचा तिला आणखीच संताप आला.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "इंदू, माझ्यासाठी राहा, एवढंच म्हणायचं होतंत. मी राहिले असते. तुमची सून म्हणून नाही, मुलगी म्हणून राहिले असते. आनंदानं राहिले असते."

मास्तरांनी वर पाहिलं. "आणि आता?"

सांडलेलं कुंकू तिनं फडक्यानं गोळा केलं. मग म्हणाली, "आता नाही."

मास्तरांनी मान हलवली. पाटावरचं विमान त्यांनी जवळ ओढलं, आणि मागच्या जागेवरचं ते झाकण बोटानं हळूच सरकवून बंद केलं. ते झाकण बंद होताना इंदूनं पहिल्यांदाच पाहिलं. घट्ट बसत होतं, बिनचूक केलं होतं त्यांनी.

"उद्या दसरा," ते म्हणाले. "परवा गुरुजींकडे जातो."

गेले. शब्दाला जागले, हे म्हणायलाच हवं. दिवाळी उलटल्यावर प्रवरेच्या कोरड्या वाळूत विधी झाला. श्रीपाद आला होता. पळसाची पानं गुरुजींनी मांडली, नारळ ठेवला, आणि म्हाताऱ्या बापानं अग्नी दिला. पानंच ती, भुर्रकन पेटली. स्नानाला नदीत पाणी नव्हतं, श्रीपादनं नळाची घागर भरून नेली होती, तीच तिघांनी वाटून घेतली. इंदूनं सुमंतचा चेहरा आठवायचा फार प्रयत्न केला. फोटोतला चेहरा आठवला, खरा आठवला नाही. रडू आलं ते सुमंतसाठी नव्हे, स्वतःसाठी आलं, आणि ते तिनं येऊ दिलं.

कपाळाचं कुंकू तिनं खोबरेल तेलानं काढलं. खाली काळसर गोल डाग होता. तो तेलानं निघणारा नव्हता.

त्या दिवसांत गल्लीतल्या बायका घरी आल्या. लीनाही आली. कितीतरी वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत आल्या, शेजारी बसल्या, हात हातात घेतला. आता काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं. इंदूला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. चांगुणा तेवढी म्हणाली, "चालला का नाशकाला? बरं झालं बाई. तिकडंबी पळसाला पानं तीनच, पन निदान पळस तरी दुसरा. म्हाताऱ्याचं मी बघती. दोन भाकरी थापून ठेवीन, तुमी काळजी करू नका."

जायच्या दिवशी मास्तर एसटी स्टँडवर आले. नको म्हटलं तरी तिची वळकटी त्यांनीच धरली होती. गाडी लागेपर्यंत दोघं लिंबाखाली उभी राहिली. मधे बोलायला विमान नव्हतं, त्यामुळे काही सुचत नव्हतं.

"रोगण दिलं काल," शेवटी मास्तर म्हणाले.

"पंख खरवडलेत?"

"नाही. ते लाल तसंच ठेवलं. आता त्याला कोण पाडणार आहे!"

इंदूला हुंदका आला तो तिनं पदरात धरला. वाकून तिनं नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीचा आशीर्वाद तोंडाशी येऊन अडला. अष्टपुत्रा म्हणता येईना, सौभाग्यवती म्हणता येईना.

"सुखी राहा, बाळ," ते म्हणाले. "संक्रांतीला येशील?"

"येईन, मामंजी."

गाडीत गर्दी होती. एकच जागा शिल्लक होती, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या उलट्या बाकड्यावर. इंदू तिथं बसली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी नाशिकच्या दिशेला निघाली आणि इंदूचं तोंड संगमनेरकडे राहिलं. मागच्या काचेतून तिला स्टँड दिसत होता, लिंब दिसत होता आणि लिंबाखाली हात वर केलेले मास्तर. ते लहान होत गेले. त्यांना आता ती दिसत नसणार, तरी हात हलतच होता. सुमंतला शेवटी शेवटी काय दिसत असेल, ते तिला इतक्या वर्षांनी कळलं. पुढचं काही नाही. सोडून आलो ते, आणि ते आपल्याकडे बघत उभं आहे.

शेजारची म्हातारी म्हणाली, "उलटं बसलं की मळमळतं गं पोरी. माझ्या अंगावर रेल, डोळं मिटून घे."

"असू दे, आजी," इंदू म्हणाली. "अजून दिसतायत ते."